उन्हाळ्याची ग्रँट मागताना वेळ मागा

उन्हाळी ग्रँटचे फॉर्म उन्हाळ्यात निघत नाहीत, हे नव्या शिक्षकांना सगळ्यात आधी सांगावं लागतं. मोठ्या ग्रँट्सचे फॉर्म निघतात आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे आपण पेपरांच्या गठ्ठ्यात बुडालेलो असतो तेव्हा, आणि बरेचसे जानेवारी ते मार्चच्या मध्ये बंद होतात. सुट्टी लागल्यावर "यंदा कुठेतरी जाऊन काहीतरी शिकू या" असं मनात आलं तर गाडी कधीच सुटलेली असते. म्हणून हे लवकर लिहितेय आणि जरा सविस्तर लिहितेय, कारण गेल्या काही वर्षांत सहकाऱ्यांचे खूप अर्ज वाचलेत, एका छोट्या ट्रस्टच्या निवड समितीवर पण बसलेय, आणि एक गोष्ट मला फार मनापासून सांगायचीय. आपण शिक्षक लोक ग्रँट मागताना फी मागतो, टॅब मागतो, किट मागतो, सर्टिफिकेट मागतो. वेळ कोणी मागत नाही. आणि उन्हाळी ग्रँटमधून मिळण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट वेळ हीच आहे.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्षभर आपली जी ट्रेनिंग होतात ती वरून आलेली असतात, विषय त्यांचा, तारीख त्यांची, पीपीटी त्यांची, आपण हजेरीवर सही करून बसायचं. उन्हाळी ग्रँटमध्ये उलट असतं. मला काय शिकायचंय, कुठे, कोणाकडे, किती दिवस, हे मी सांगायचं आणि समोरच्याला पटलं तर तो पैसे देतो. काही ग्रँट्स अशा पूर्ण मोकळ्या असतात, काहींमध्ये कोर्स आधीच आखलेला असतो आणि आपण त्यात जागा मिळवायची, सोबत राहण्या-जेवणाला पुरेल असा स्टायपेंड. कुठलीही घ्या, तिथे शिक्षक विद्यार्थी म्हणून जातो, महिना-दोन महिने का होईना.

ही कल्पना फार जुनी आहे आणि तिची सुरुवात मला अजून भारी वाटते. १८७३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ पेनिकीज नावाच्या छोट्याशा बेटावर हार्वर्डचा प्राणिशास्त्रज्ञ लुई अ‍ॅगासी याने शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा काढली. बेट आणि वर ५०,००० डॉलर दिले जॉन अँडरसन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने. साधारण पन्नास जण आले, बहुतेक सगळे शिकवणारे, आणि त्यात बायकाही होत्या, १८७३ मध्ये! इमारती पुऱ्या झालेल्या नव्हत्या म्हणून बेटावरच्या जुन्या कोठारात बसायची सोय केलेली. अ‍ॅगासीची रीत प्रसिद्ध होती, विद्यार्थ्यासमोर एक मासा ठेवायचा आणि सांगायचं बघ. पुस्तक उघडायचं नाही, कोणाला विचारायचं नाही, नुसतं बघायचं आणि नंतर काय दिसलं ते सांगायचं, आणि सांगून झालं की तो म्हणणार अजून बघ. दिवसच्या दिवस. (वंशांबद्दलची त्याची मतं अत्यंत वाईट आणि चुकीची होती, ते लपवायचं कारण नाही, पण शिक्षकांना शिकवायची ही रीत त्याच्याकडून घेण्यासारखी आहे.) त्याच डिसेंबरात तो वारला, पुढचा १८७४ चा उन्हाळा त्याच्या मुलाने म्हणजे अलेक्झांडरने चालवला आणि मग शाळा बंदच पडली.

फक्त दोन उन्हाळे चाललेली शाळा. पण पहिल्या वर्षी तिथे आलेला डेव्हिड स्टार जॉर्डन पुढे माशांचा मोठा अभ्यासक झाला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पहिला अध्यक्षही. दुसऱ्या वर्षी आलेली कॉर्नेलिया क्लॅप माउंट होल्योक या मुलींच्या शिक्षणसंस्थेत शिकवायची, १८८८ मध्ये वुड्स होलची सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा ती पहिल्याच वर्षी संशोधनाला तिथे हजर होती. या लोकांना बेटावर काय मिळालं होतं? उपकरणं बेताची, खोल्या अर्धवट. मिळाला तो सलग वेळ आणि डोळ्यासमोर खरी वस्तू आणि शेजारी तिच्यात जन्म घालवलेला माणूस. आजही चांगल्या उन्हाळी ग्रँटमध्ये याच्यापेक्षा वेगळं काही नसतं, असलंच तर ते जास्तीचं.

नंतरचा मोठा टप्पा १९५० च्या दशकातला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे एनएसएफने, गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी विद्यापीठांत उन्हाळी इन्स्टिट्यूट सुरू केलेल्या होत्याच, छोट्या प्रमाणावर. मग १९५७ मध्ये सोव्हिएत स्पुटनिक वर गेला आणि अमेरिका हादरली, आपल्या शाळांतलं विज्ञान कच्चं आहे अशी ओरड झाली आणि पैसा सुटला. त्या इन्स्टिट्यूटची मला सगळ्यात आवडणारी बाब विज्ञानाची नाहीच. शिक्षकाला दर आठवड्याचा स्टायपेंड मिळायचा, प्रवासखर्च मिळायचा, आणि घरी त्याच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळा भत्ता मिळायचा. म्हणजे नियम करणाऱ्या कोणाच्या तरी लक्षात आलेलं होतं की शिक्षकाला घर असतं, उन्हाळ्यात बरेच शिक्षक शिकवण्या घेतात, कुठेतरी दुसरं काम करतात, आणि त्यांना विद्यापीठात बोलवायचं तर ती बुडणारी कमाई कोणीतरी भरून द्यायला हवी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हे कळत होतं आणि आज मी ग्रँटचे नियम वाचते तेव्हा पुष्कळ ठिकाणी ही ओळच नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं. यावर पुढे येतेच.

आत्ता काय काय आहे ते बघू. सगळं सांगत बसत नाही, मला ज्यांची रचना आवडते तेवढंच.

मोकळ्या ग्रँटचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली फंड फॉर टीचर्स, २००१ पासूनची. एकट्या शिक्षकाला ५,००० डॉलरपर्यंत, टीम असेल तर १०,००० पर्यंत. काय शिकायचं ते सर्वस्वी शिक्षकाने ठरवायचं, कोर्स नको, यादी नको, फक्त पटवून द्यायचं की हे शिकल्याने तुझ्या वर्गात काय बदलेल. त्याच देशात इंडियाना राज्यात लिली एंडोमेंट या दानसंस्थेची फेलोशिप आहे १९८७ पासून, ती तर याच्याही पुढे जाते, तिचा हेतूच शिक्षकाला ताजंतवानं करणं हा आहे. तुम्हाला चित्र काढायचंय, आजोबांच्या गावाचा इतिहास शोधायचाय, बोट बांधायचीय, तरी अर्ज करता येतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चैन वाटली होती. आता वाटत नाही. दहा वर्षं तोच पोर्शन शिकवणारा माणूस कशासाठी तरी वेडा झाला की पहिल्या तासापासून मुलांना ते कळतं.

आखलेल्या कोर्सेसमध्ये इतिहास-भाषावाल्यांसाठी एनईएच, म्हणजे नॅशनल एंडोमेंट फॉर द ह्युमॅनिटीज, १९६५ मध्ये स्थापन झालेली. त्यांच्या उन्हाळी सेमिनार आणि इन्स्टिट्यूट एक ते चार आठवड्यांच्या, अलीकडच्या वर्षांत स्टायपेंड एका आठवड्याला १,३०० डॉलर आणि चार आठवड्यांना ३,४५० असा होता. एकच विषय, एकच शहर किंवा एकच लेखक घेऊन बसायचं. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये एनईएचच्या हजाराहून जास्त ग्रँट्स एका झटक्यात रद्द झाल्या, त्यामुळे सरकारी पैशावरचा कुठलाही कार्यक्रम असला तर यंदा तो खरंच चालू आहे का हे आधी बघा, मग अर्जाला लागा.

विज्ञानवाल्यांसाठी एनएसएफचीच आरईटी, म्हणजे रिसर्च एक्स्पीरियन्सेस फॉर टीचर्स, ही योजना, शिक्षकाने उन्हाळ्यातले साधारण सहा आठवडे विद्यापीठाच्या लॅबमध्ये खऱ्या संशोधनावर काम करायचं, स्टायपेंड घेऊन. समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेची टीचर अ‍ॅट सी १९९० पासूनची, त्यात शिक्षक संशोधनाच्या जहाजावर जातो आणि तिथल्या शास्त्रज्ञांच्या बरोबरीने शिफ्ट करतो, मासे मोजण्याच्या फेरीवर असेल तर बारा बारा तासांची. जाळं वर आलं की मासे जातीनुसार वेगळे करायचे, लांबी मोजायची, वजन करायचं, आणि काहींच्या डोक्यातून कानाचा छोटासा खडा काढायचा. हा खडा म्हणजे ओटोलिथ, त्यात झाडाच्या खोडात असतात तशी वर्षावर्षाची वलयं असतात, ती मोजून माशाचं वय सांगतात. आता विचार करा, पुस्तकात "माशांचे वय ओटोलिथवरून ठरवतात" ही एक ओळ असते, ती ज्याने स्वतः चिमट्याने तो खडा काढलाय तो कशी शिकवेल आणि ज्याने फक्त ओळ वाचलीय तो कशी शिकवेल.

जगात कुठूनही अर्ज करता येतो अशातलं सर्नचं मला फार आवडतं, जिनेव्हाजवळची ती कणभौतिकीची प्रयोगशाळा. हायस्कूलच्या शिक्षकांसाठी त्यांचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९९८ पासून उन्हाळ्यात होतो, शिवाय वेगवेगळ्या देशांच्या शिक्षकांसाठी त्यांच्या त्यांच्या भाषेत छोटे कार्यक्रमही असतात. लेक्चर असतात, प्रयोगांच्या जागा बघायला मिळतात, पण तिथला क्लाउड चेंबर, म्हणजे कणांच्या वाटा दाखवणारं साधं उपकरण, एकदा तरी बांधून बघावा. एक पारदर्शक डबा, खाली ड्राय आइसवर ठेवलेली काळी धातूची पट्टी, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला फेल्ट, झाकण लावायचं, दिवे मालवायचे, बाजूने टॉर्च धरायचा आणि थांबायचं. थोड्या वेळाने तळाशी धुक्याचा थर जमतो आणि त्यात पांढरे धागे उमटायला लागतात, जाड आणि आखूड असला तर बहुधा अल्फा कण, बारीक आणि लांब सरळ असला तर म्यूऑन, जो वरच्या वातावरणात तयार होऊन आपल्या खोलीतून चाललाय. कण कण म्हणून आपण फळ्यावर वर्षानुवर्षं वर्तुळं काढतो, आणि हा इथे डोळ्यासमोर रेघ ओढून जातो. घरी आल्यावर शाळेतही बांधता येतो, सामान फार नाही, फक्त ड्राय आइस हाताळताना हातमोजे आणि खिडक्या उघड्या.

युरोपातल्यांसाठी इरॅस्मस प्लस ही युरोपीय संघाची योजना आहे, तिथे शिक्षकाला एकट्याने अर्ज करता येत नाही, शाळेने करायचा असतो. कोर्सच्या फीसाठी माणशी दिवसाला ८० युरो आणि एका ग्रँटमध्ये एका माणसाला जास्तीत जास्त ८०० युरो. प्रवास आणि राहणं वेगळं. दुसऱ्या शाळेत जाऊन तिथल्या शिक्षकाच्या मागे नुसतं बसून बघायची पण सोय आहे, त्याला जॉब शॅडोइंग म्हणतात, आणि माझ्या मते ती कोर्सपेक्षा कितीतरी चांगली, पण लोक कोर्सच निवडतात कारण कोर्सचं सर्टिफिकेट मिळतं. मुख्याध्यापकांना फाइलला लावायला कागद लागतो, शिक्षक तो आणून देतो, आणि दुसऱ्याचा वर्ग आठवडाभर शांतपणे बघण्याची संधी जाते. मला हे फार खटकतं.

आता मूळ मुद्दा, वेळ. हे माझं नुसतं मत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत शिक्षक प्रशिक्षणावरच्या १,३०० हून जास्त अभ्यासांची छाननी झाली, त्यातले जेमतेम ९ कडक निकषांत बसले. त्या नऊमध्ये असं दिसलं की ज्या प्रशिक्षणांचे एकूण तास १४ किंवा त्याहून कमी होते त्यांचा मुलांच्या शिकण्यावर नोंद घेण्यासारखा परिणाम नव्हता, परिणाम दिसला तो त्याच्यापुढच्यांचा. १४ तास म्हणजे दोन-अडीच दिवस. म्हणजे आपली वर्षभरातली किती ट्रेनिंग या रेषेच्या खालीच राहतात बघा, आणि त्यांच्यावर हॉल, जेवण, साधन-व्यक्ती, बॅनर सगळा खर्च होतोच.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९९० पासून शाळेतल्या विज्ञान शिक्षकांसाठी उन्हाळी संशोधनाचा कार्यक्रम होता. शिक्षकाने लागोपाठ दोन उन्हाळे, दर वेळी आठ आठवडे, लॅबमध्ये काम करायचं, स्टायपेंडसकट. त्यांच्या मुलांचे राज्याच्या रीजंट्स परीक्षेतले विज्ञानाचे निकाल पाहिले आणि ते २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आले. शिक्षक कार्यक्रमात यायच्या आधीच्या वर्षी त्याच्या वर्गाचे आणि त्याच शाळांतल्या बाकीच्या शिक्षकांच्या वर्गाचे निकाल सारखेच होते, म्हणजे आधीपासूनच हुशार शिक्षक निवडले असं म्हणायला जागा नाही. आणि कार्यक्रमात आल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी या शिक्षकांच्या मुलांचं पास होण्याचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी जास्त निघालं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी! हे दोनदा वाचा. पहिल्या वर्षी शिक्षक परत येतो, डोकं भरलेलं असतं, सगळं एकदम करून बघावंसं वाटतं, काही जमतं काही फसतं, दुसऱ्या वर्षी त्यातलं निम्मं टाकून देतो, आणि मग कुठे नवी सवय हातात मुरते. आणि आपल्याकडून रिपोर्ट कधी मागतात? परत आल्यापासून तीस दिवसांत, फोटोसहित. तीस दिवसांत कोण काय सांगणार, शिक्षक बिचारा जे ठरवलंय ते झालंय असं लिहितो आणि देणारा समाधानी होतो.

अर्जाबद्दल आता, कारण सगळे त्याच्यासाठीच वाचत असणार. बहुतेक अर्ज ज्या वाक्याने सुरू होतात ते असं असतं, "या प्रशिक्षणामुळे माझ्या अध्यापन कौशल्यांचा सर्वांगीण विकास होऊन विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेत वाढ होईल." हे वाक्य कोणीही कशाहीबद्दल लिहू शकतो आणि समितीवर बसलेल्या माणसाने त्या दिवशी ते अनेक वेळा वाचलेलं असतं. माझी एक सहकारी भूगोल शिकवते, तिचा पहिला खर्डा असाच होता, जलसाक्षरता, पर्यावरणभान, सगळे मोठे मोठे शब्द. मी तिला म्हटलं अगं ताई, तुला नक्की काय येत नाही ते सांग ना. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मी इतकी वर्षं 'नदीचा प्रवाह' शिकवते पण एखाद्या नदीत आत्ता सेकंदाला किती पाणी चाललंय हे मला विचारलं तर मी काय करू हे मला माहीत नाही.

झालं, तोच तिचा अर्ज. नदीच्या पाण्याचं मोजमाप करणाऱ्यांच्या टीमबरोबर काही आठवडे राहायचं आणि मोजायला शिकायचं. आणि शिकून आली. आता ती मुलांना घेऊन छोट्या ओढ्यावर जाते, जिथे पाणी सरळ वाहतं असा दहा मीटरचा तुकडा टेपने मोजते, काठापासून काठापर्यंत ठरावीक अंतरावर काठी बुडवून खोली घेते, त्यावरून पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ काढते, मग अर्धवट बुडून तरंगणारी वस्तू सोडून स्टॉपवॉच लावते, हे पुन्हा पुन्हा करून सरासरी घेते. वेग गुणिले क्षेत्रफळ. आणि मग ती थांबून सांगते की याला ०.८५ ने गुणा. का? मुलं भांडतात. कोणी म्हणतं टेप चुकला म्हणून, कोणी म्हणतं वारा. मग कोणीतरी काठी तळाशी धरतं आणि वर धरतं आणि ओरडतं की खाली पाणी सावकाश आहे, दगडांना घासतंय. आपण वेग मोजला तो पृष्ठभागाचा, आणि पृष्ठभागाचं पाणी सगळ्यात आधी पळतं, म्हणून सरासरी कमी धरायची. ते ०.८५ तिच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. असेल तरी ते तिने वाचून सोडून दिलं असतं. पाण्यात उभी राहिली म्हणून ते तिचं झालं.

तेव्हा अर्जात सगळ्यात आधी आपल्याला काय येत नाही ते लिहा, नेमकं लिहा, लाजू नका. शिक्षकाला "मला येत नाही" म्हणायची सवय नसते, वर्गात ती परवडत नाही असं आपल्याला शिकवलं गेलंय. पण ग्रँट देणाऱ्याला, निदान चांगल्या देणाऱ्याला, तेच वाचायचं असतं. त्यानंतर कोणाकडून शिकणार ते. नुसतं संस्थेचं नाव टाकू नका, तिथल्या माणसाला आधी मेल करा, तो येऊ देईल का विचारा आणि त्याचं होकाराचं उत्तर अर्जाला जोडा. या एका कागदाने अर्ज इतका वर जातो की काय सांगू. लोक घाबरतात, मोठा शास्त्रज्ञ, मोठी क्युरेटर, मला कशाला उत्तर देतील. देतात. शाळेतल्या शिक्षकाने "मला तुमचं काम जवळून बघायचंय" असं लिहिलं तर बरेच जण आनंदाने उत्तर देतात, कारण त्यांना कोणी असं विचारतच नाही. मुलांना काय फायदा हे शेवटी, आणि एकाच धड्याबद्दल लिहा, तो धडा आत्ता कसा होतो आणि नंतर कसा होईल. पूर्ण शाळा, पूर्ण तालुका, पूर्ण पिढी बदलायचं वचन देऊ नका.

शिफारसपत्र मुख्याध्यापकांकडून लागतं बहुतेक ठिकाणी. त्यांना कोरा कागद देऊन "सर, लिहा ना" म्हणू नका, त्यांच्याकडे वेळ नसतो आणि मग "कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर" असं पत्र येतं. अर्जाची प्रत आणि आपल्या वर्गातल्या दोन-तीन प्रसंगांची आठवण लिहून द्या.

आता बजेट, आणि इथे मला पुन्हा त्या एनएसएफच्या भत्त्याकडे जायचंय. बजेटमध्ये शिक्षक प्रवास लिहितो, फी लिहितो, राहणं-जेवण लिहितो. महिनाभर बाहेर राहिल्यावर लहान मूल कोण बघणार, आजारी सासूबाईंजवळ कोण थांबणार, सुट्टीतल्या शिकवण्या बुडाल्या त्याचं काय, हे कोणी लिहीत नाही. पुष्कळ देणारे ते मान्य करत नाहीत हे खरं, पण न लिहिल्यामुळे त्यांना कधी कळतच नाही की चांगले चांगले लोक अर्जच का करत नाहीत. समितीवर असताना मी अर्जदारांची यादी बघायचे आणि त्यात लहान मुलं असलेल्या बायका जवळजवळ नसायच्याच. शाळेत तर त्या भरपूर असतात ना? मग फॉर्मपर्यंत पोचेस्तोवर कुठे गळतात? कंत्राटी शिक्षकांचं तेच, नियमात "कायम सेवेतील" असा शब्द असतो आणि तिथेच त्यांचा विषय संपतो. बालवाडीवाल्या बाईंना तर कोणी विचारतच नाही, जणू चार वर्षांच्या मुलांबरोबर काम करायला काही नवीन शिकावं लागत नाही. देणाऱ्यांनी सांभाळणाऱ्याच्या खर्चाची एक ओळ बजेटमध्ये छापून ठेवावी, आधीच, म्हणजे मागायला संकोच वाटणार नाही. आणि ही ओळ नसली तरी तुम्ही "इतर" मध्ये लिहाच, फार तर काट मारतील. हो, आणि स्टायपेंड हा काही देशांत करपात्र असतो, अमेरिकेत असतो, त्यामुळे हातात पूर्ण येणार असं धरून तिकिटं काढू नका.

तारखांची एक अडचण आहे जी कोणी बोलत नाही. जगभरातले बहुतेक मोठे उन्हाळी कार्यक्रम जून ते ऑगस्टमध्ये असतात, उत्तर अमेरिका आणि युरोपच्या सुट्टीप्रमाणे. पण उन्हाळा सगळीकडे तेव्हा नसतो, ऑस्ट्रेलियातली मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत, आणि काही देशांत जूनमध्ये शाळा सुरू होते. तिथल्या शिक्षकाला जुलैच्या कार्यक्रमासाठी भर सत्रात रजा मागावी लागते. त्यांनी अर्जाच्या आधी रजेचं बोलून घ्यावं, शक्य तर लेखी, कारण निवड झाल्यावर रजा नाकारली गेली तर ती जागा दुसऱ्यालाही जात नाही कधीकधी. आणि खूप वेळा छोटी मोकळी ग्रँट, जिच्यात तारखा आपण ठरवतो, ती नावाजलेल्या कार्यक्रमापेक्षा जास्त कामाला येते. पैसे कमी असतील, चालेल. तीन आठवडे एका जागी थांबता येत असेल तर पाच ठिकाणं फिरायचा प्लॅन टाकून द्या. अर्जात ठिकाणांची यादी लांब दिसली की समितीला सहल दिसते, आणि खरं सांगायचं तर अशा दौऱ्यात शिकणं होतच नाही, सामान बांधणं आणि सोडणं होतं.

परत आल्यावर शाळेत लगेच प्रेझेंटेशन द्यायला लावतात. द्या, पण त्याच्याही आधी एखाद्या सहकाऱ्याला आपल्या तासाला मागे बसायला बोलवा. माझ्या त्या भूगोलवाल्या ताईंनी तेच केलं, गणिताचे सर ओढ्यावर बरोबर गेले, आणि आता क्षेत्रफळाचा धडा ते तिथेच घेतात, वेड्यावाकड्या छेदाचे पट्टे पाडून. प्रेझेंटेशनमधून हे झालं नसतं.

ट्रस्टला मी एवढंच सुचवलं होतं की महिन्याभरातला रिपोर्ट अर्ध्या पानाचा ठेवा, खर्चाचा हिशोब आणि दोन ओळी, आणि खरा रिपोर्ट तिसऱ्या वर्षी मागा. तेव्हा शिक्षकाला फोन करा, एक दिवस त्याच्या वर्गात जाऊन बसा, त्या दिवसाचा त्याला मोबदला द्या, आणि विचारा की त्या उन्हाळ्यातलं आज वर्गात काय उरलंय आणि काय टाकून दिलं. टाकून दिलेलंही तेवढंच मोलाचं, पुढच्या अर्जदाराचा वेळ वाचतो. त्यांनी पहिली सूचना लगेच मान्य केली, दुसरीवर विचार चालू आहे, मी पाठपुरावा करतेय.

यंदा कोणी अर्ज करणार असेल तर कच्चा खर्डा पाठवा, मी वाचीन. इंग्रजीची काळजी नको, आधी आपल्या भाषेत लिहा, काय येत नाही आणि कोणाकडे शिकायचंय एवढं एका पानात, बाकीचं नंतर बसून करू. ऑक्टोबर उजाडायच्या आत तुमचा मेल ज्याच्याकडे शिकायचंय त्या माणसाकडे गेलेला असावा, कारण त्याच्या उत्तराला वेळ लागतो आणि तो कागद हातात असल्याशिवाय फॉर्म भरायला घेऊ नका.